माथ्यावरची चाकोरी

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल उलटे ठेवा. उजेडात ही गोष्ट सांगवत नाही. आणि ऐकीव नाही हं. माझ्या शाळेपासूनच्या मित्रावर गुदरलेली आहे, शेवट तर मी या डोळ्यांनी पाहिलाय.

तो डोंगरात सायकल चालवायला शिकवायचा. सगळं गाव त्याला कोच म्हणायचं, त्याची बायकोसुद्धा. सायकलीचं वेड इतकं, की ती बिचारी म्हणायची, "सवत परवडली असती. तिची चेन तरी माझ्या टॉवेलला पुसली नसती." ती गेली, आणि पुढच्या खोलीत तिची खुर्ची असायची तिथे सायकल उभी राहायला लागली. मुलगी परगावी. रविवारी फोन, तोही घाईतला.

शिकवायचा मात्र जीव ओतून. नवखं पोर चढावर दमलं, की हा आपली सायकल त्याच्या बाजूला घेणार, एका हाताने हँडल सांभाळणार आणि दुसरा तळवा त्याच्या पाठीवर टेकवणार. ढकलायचा नाही, नुसता टेकवायचा. "मी आहे. पेडल सोडू नकोस." पोर वर पोचायचंच. गावातल्या अर्ध्या पाठींना तो हात ठाऊक होता.

तर जानेवारीतला दुसरा शनिवार. दिवसा डोंगरावर शर्यत झाली. कोचची ती शेवटची, कारण क्लबने नवा तरुण माणूस नेमला होता. भाषणं झाली, फोटो झाले. जिंकलेली, हरलेली, सगळी पोरं आपापल्या आईबापांबरोबर घरी गेली. क्लबचे अध्यक्ष गाडीत बसता बसता म्हणाले, "कोच, वाटेवरच्या खुणेच्या फिती तेवढ्या राहिल्यात. उजाडायच्या आत काढायला हव्यात, नाहीतर वनखातं पुढच्या वर्षी उभं करणार नाही."

"काढतो की. घरी कोण वाट बघतंय?"

तो हसत म्हणाला. अध्यक्षही हसले. गाडीची काच वर गेली.

रात्री जेवून, हेल्मेटवर दिवा लावून कोच निघाला. चंद्र उशिरा उगवणार होता. वाट कोरडी, पिठासारखी धूळ. झुडपांना बांधलेल्या लाल फिती सोडायच्या, पिशवीत कोंबायच्या, पुढे निघायचं. काम सोपं होतं. मध्ये थांबून त्याने खाली बघितलं. एका घरात माणसं जेवायला बसलेली दिसली म्हणाला. एवढ्या लांबून काय दिसणार, कपाळ! पण दिसली म्हणाला.

मग शेवटचा चढ लागला. अंगावर येणारा. दिवसभराचा शीण पायांत उतरलेला. निम्म्यावर दम तुटला. आता उतरावं, असं मनात आलं...

आणि पाठीवर हात टेकला.

मोठा तळवा. ऊबदार.

आधी भीती वाटलीच नाही त्याला. हे सांगताना त्याने मान खाली घातली होती. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या पाठीवर कुणी ठेवला होता? डोळे भरून आले. पाय आपोआप फिरायला लागले. पोरासारखा चढत गेला तो.

मग लक्षात आलं. शेजारी सायकलचा आवाज नाही. पाऊल नाही. श्वास नाही.

"कोण आहे?"

...

वळून बघायचा धीर होईना. चढ संपला. माथा आला. हात तसाच.

"पोचलो मी... सोडा आता."

...

हात सुटला नाही. जड झाला. माथ्यावर वाट डावीकडे वळते. समोर कडा. कोचने हँडल वळवलं. वळेना. ब्रेक दाबले. चाकं घासत गेली. थांबली नाहीत. दिवा फडफडला. विझला. तोंडावर गार हवा आली... खालून. दरीतून.

"मला यायचं नाही!" कोच ओरडला. "एकटा तर एकटा... पण यायचं नाही मला!"

हात निघाला.

पुढचं त्याला एवढंच आठवतं, की तो गावाकडच्या उतारावरून सुसाट खाली येत होता. अंधारात. एकदाही न पडता. आणि पाठीवर तेवढी जागा बर्फासारखी गार पडली होती.

मध्यरात्री माझं दार वाजलं. "आत घे रे," म्हणाला, "घरी बसवेना." सगळं सांगून झालं, आणि मग तो वळला. "इथे जरा हात ठेव." मी ठेवला. दूध पिणाऱ्या मांजराची पाठ थरथरते ना, तशी थरथरत होती. तो म्हणाला, "नाही रे. असा नव्हता."

उजाडल्यावर आम्ही दोघे वर गेलो. डावीकडे शर्यतीच्या वाटेवर चाकांच्या खुणांची नुसती खिचडी झालेली. पण समोर, कड्याच्या बाजूला शर्यत गेलीच नव्हती. तिथली धूळ कोरी होती. तिच्यावर एकच चाकोरी. कोचच्या टायरची नक्षी मी ओळखतो.

ती सरळ गेली होती. कुठेही न वळता. कड्याच्या ओठापर्यंत... आणि ओठावरून बाहेर.

पलीकडे नुसती हवा.

"मग मी..." कोच म्हणाला.

मी मागे सरकलो, तेव्हा मला दिसलं. कड्यापासून दहाएक पावलं आत, त्या कोऱ्या धुळीत तीच नक्षी पुन्हा सुरू झाली होती. मधूनच. गावाकडे तोंड करून.

मधल्या धुळीवर एक किडा चालून गेल्याची रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. पाऊल एकही नव्हतं.