उणे तीसमधला विनोद

"थांबा! तिथेच थांबा! एक पाऊल जरी पुढे टाकलंत ना, तर—"

तर काय, हे लारिसालाही माहीत नव्हतं. तिच्या पाठीवर पाण्याची टाकी होती, हातात झारीसारख्या तोंडाची नळी होती, आणि ती उलट्या पावलांनी, हात डावीकडे-उजवीकडे झुलवत, बर्फावर थेंब शिंपडत चालली होती. खेळाआधी हे करावंच लागतं. थेंब पडतात, पडल्या पडल्या गोठतात, बर्फावर बारीक दाणे उठतात, आणि त्या दाण्यांवरूनच कर्लिंगचे ते जडशीळ गोल दगड सरसर घसरत जातात. आणि नेमक्या त्याच दाण्यांवर, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ लागलेले बूट घालून, एक उंच माणूस उभा!

तो थांबला. इतका थांबला की त्याचा एक पाय हवेतच राहिला.

"पाय खाली ठेवू का?"

"नाही!"

"मग असाच राहू? बगळ्यासारखा?"

लारिसाला हसू आलं. ते लपवायला ती गर्रकन वळली, तर हातातली नळीही तिच्याबरोबर वळली... आणि थेंबांची एक सर थेट त्याच्या चष्म्यावर! बाहेर तापमान उणे तीस होतं आणि त्याच्या काचा अजून तिथलीच थंडी धरून होत्या. थेंब जागच्या जागी गोठले.

"आता मला काहीच दिसत नाहीये," तो एका पायावर डुलत म्हणाला. "पण तुम्ही रागावल्यावर छान दिसत असाल, असा एक अंदाज आहे."

"कोण आहे गं, पोरी?" मागच्या खोलीतून बाबांनी विचारलं. या रिंकचा, म्हणजे बंदिस्त मैदानाचा, बर्फ तेच राखायचे.

"कुणीतरी मीठ घेऊन आलंय, बाबा!"

"हाकलून दे त्याला!"

पण हाकलता आलं नाही. तो त्या संध्याकाळी समोरच्या संघातून खेळणार होता, आजारी पडलेल्या गड्याच्या जागी. आणि खेळला कसा म्हणाल तर... दगड सोडताना दगडाबरोबर स्वतःही पोटावर घसरत गेला. लारिसाचा संघ जिंकला. ऑस्टफील्डमध्ये, कॅनडाच्या माळरानावरच्या या छोट्या गावात, रीत अशी की जिंकणाऱ्याने हरलेल्याला पहिली कॉफी पाजायची आणि मग दोन्ही संघांनी एकाच टेबलाशी बसायचं. या गावात भावाभावांची भांडणं झाली, लग्नं मोडली, निवडणुकांवरून लोकांनी एकमेकांचे फोन उचलणं बंद केलं, पण ही रीत कुणी मोडली नाही. म्हणून लारिसाने कॉफी आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"वेस फ्रीझन," त्याने नाव सांगितलं. "कॅल्गरीतली नोकरी गेली, म्हणून आईच्या रिकाम्या घरात राहायला आलोय."

लारिसाचा कप ओठांशीच थांबला. "वेस फ्रीझन? 'उघडं माळरान' लिहिणारे?"

"तुम्ही वाचता?"

"मी नाही, बाबा वाचतात. रोज सकाळी. शिव्या द्यायला."

"म्हणजे वाचतात तरी!" त्याने इतक्या समाधानाने घोट घेतला की तिला रागवायचंही सुचेना.

'उघडं माळरान' म्हणजे वेसचा ब्लॉग. सस्कॅचवान प्रांतातल्या अर्ध्या शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात तो वाचला जायचा. त्यात ओटावाच्या, म्हणजे राजधानीतल्या केंद्र सरकारच्या, करांवर फटके असायचे, सरकारने माणसाचं बोट किती धरावं आणि कधी सोडावं यावर तावातावाने लिहिलेलं असायचं, आणि मध्येच कॉफीच्या कपाचं झाकण का गळतं, आईच्या बेरी भरून भाजलेल्या 'पाय'ची चव कुणालाच का जमत नाही, असंही काहीतरी. वेस पक्का निळ्या, उजव्या पक्षाचा. आणि बाबा? ओरेस्ट हनाटिव्ह यांच्या अंगणात प्रत्येक निवडणुकीला डाव्या पक्षाची नारिंगी पाटी. एकदा निवडणूक नसतानाही लावली होती.

"काका, तुम्ही माझा कालचा लेख वाचलात?" वेस येता-जाता विचारायचा.

"वाचला. माझा कुत्रा यापेक्षा बरं लिहील."

"कुत्रा कुणाला मत देतो?"

"तो शहाणा आहे. सांगत नाही."

मग दोघंही हसायचे आणि लारिसा दोघांच्याही कपात पुन्हा कॉफी ओतायची. शाळेच्या ग्रंथालयातलं काम संपलं की ती रिंकवर यायची, आणि हल्ली वेसही यायचा, स्वच्छ बूट घालून! बर्फ तासायला मदत करायचा. दाराशी बूट काढताना दोघांचे खांदे लागायचे... आणि दोघंही उगाच नाड्या सोडवण्यात जरा जास्तच वेळ घालवायचे.

पण एक आवाज होता. मागच्या खोलीत बर्फ गार ठेवणारं यंत्र होतं, लारिसाहूनही वयाने मोठं, आणि ते खोकायला लागलं होतं. बाबा त्याच्या अंगावर हात ठेवून उभे राहायचे, ताप बघतात तसे. हे बंद पडलं तर नवीन घ्यायची गावाची ऐपत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. रिंक गेली तर गावाला एकत्र बसायला जागा राहणार नाही, शाळासुद्धा पुढच्या वर्षी राहील की नाही शंकाच होती. आणि बाबांचं काय? आई गेल्यापासून ते बर्फासाठीच तर सकाळी उठायचे. बर्फ नसेल तर रेजायना शहरात लारिसाच्या काकांकडे जावं लागेल, असं ते एकदाच म्हणाले होते, आणि नंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

म्हणून गावाने यंत्रासाठी केलेल्या अर्जाला ओटावाचा होकार आला तेव्हा लारिसा नाचलीच. सरकार नवं यंत्र द्यायला तयार होतं! अट एकच. रिंकच्या दारावर मोठी पाटी लावायची, की हे सरकारच्या मदतीने झालं आहे.

त्या दिवशी वेस तिला ट्रकमधून घरी सोडत होता. काचेवर बर्फाची नक्षी, हीटर घुरघुरत होता, दोघांमध्ये डोनटची पिशवी.

"पाटी!" तो म्हणाला. "आपलेच पैसे आपल्याला परत द्यायचे आणि वर दारावर नाव कोरायचं. मी यावर लिहिणार आहे. फक्त चांगलं वाक्य सुचत नाहीये."

लारिसाने डोनटचा तुकडा तोंडात टाकला. "लिहा की— उणे तीसमध्ये गार राहायलाही आता आम्हाला ओटावाची मदत लागणार का?"

वेस इतका हसला की त्याला ट्रक बाजूला घ्यावा लागला. ती पण हसली. हसता हसता त्याने तिच्याकडे पाहिलं... त्या चष्म्यामागचे डोळे इतके जवळ तिने पहिल्यांदाच पाहिले.

"हे मी वापरू?"

"वापर ना," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिला कळलंच नाही.

तो लेख वणव्यासारखा पसरला. दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरताना लोक ते वाक्य एकमेकांना ऐकवत होते. चर्चच्या तळघरात, पोस्टात, शाळेच्या बसमध्ये, सगळीकडे तेच. हे वाक्य मुळात कुणाचं, हे फक्त दोघांनाच माहीत होतं, आणि ते गुपित लारिसाला अंगठीसारखं मिरवावंसं वाटत होतं.

मग रिंकच्या मंडळाची बैठक आली. म्हातारे शेतकरी, टोप्या मांडीवर ठेवून बसलेले. कुणीतरी ते वाक्य म्हटलं आणि सगळे खो खो हसले. आणि एकदा हसल्यावर... ती पाटी कोण लावणार? लाजच वाटायला लागली त्यांना. "आपण आपलं जमवू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पैसे जमवायला टर्कीचं जेवण ठेवू. आपल्या आजोबांनी ही रिंक बांधली तेव्हा कुठे ओटावा आलं होतं?"

"यंत्र थांबणार नाही तुमच्या जेवणासाठी," बाबा एवढंच म्हणाले.

नकाराच्या बाजूने हात वर होऊ लागले. लारिसा मंडळावर होती. तिने बाबांकडे पाहिलं. मग कोपऱ्यात उभ्या वेसकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता आणि त्याच्या नजरेत असा काही अभिमान होता, की जगात त्या वाक्याएवढं सुंदर काही नाही... आणि तिचा हात वर गेला.

बाबांनी पाहिलं. टोपी घातली आणि यंत्राच्या खोलीत गेले.

टर्कीचं जेवण झालं. वेसने स्वतः दारोदार फिरून बोलावणी केली, बटाटे सोलले, लेख लिहून लिहून लोकांना हाक दिली. माणसाने आधी शेजाऱ्याकडे बघावं, मग ओटावाकडे, हे तो मनापासून मानायचा. आणि शेजारी आले, एकूण एक आले. खिशात होतं ते देऊन गेले. पण टेबलांवर पांढरी डोकी होती आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गावात तेवढी माणसंच उरली नव्हती, आणि यंत्रापुरते पैसे जमले नाहीत. वेस हातात ताटांची चळत घेऊन त्या खुर्च्यांकडे बघत राहिला. लारिसाने जवळ जाऊन त्याच्या हातातली अर्धी ताटं घेतली.

फेब्रुवारीत यंत्राने शेवटचा खोकला काढला.

पहिले काही दिवस कुणाला फरक कळला नाही. बाहेरच्या थंडीनेच बर्फ टिकला. "बघा, उणे तीस आहे ना!" लोक म्हणाले. आणि मग डोंगरांकडून चिनूक आला. तो ऊबदार वारा, ज्याची एरवी सगळे वाट बघतात, ज्यात पोरं कोट उघडे टाकून पळतात. एकाच दुपारी छपरावरचा बर्फ वितळला आणि आत गळायला लागला. टप... टप... टप...

लारिसा धावत रिंकवर आली. बाबा पाठीवर टाकी घेऊन, उलट्या पावलांनी, हात झुलवत थेंब शिंपडत होते. सवयीने, त्याच लयीत. पण थेंब गोठत नव्हते. पडत होते आणि पाण्यात पाणी होऊन जात होते.

"बाबा, पुरे ना..."

"ही एवढी पट्टी राहिली आहे," ते म्हणाले.

"बाबा, ते वाक्य माझं होतं." तिचा आवाज फुटला. "वेसचं नाही. मीच सांगितलं होतं त्याला."

बाबा थांबले. नळीतून थेंब गळत राहिले. "मला माहीत होतं, पोरी," ते म्हणाले. "त्याला एवढं चांगलं कुठलं सुचायला!" आणि ते हसले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ते हसू होतं.

काकांचा रेजायनाहून फोन आला. तिथल्या मोठ्या रिंकवर बर्फ राखणाऱ्यांच्या हाताखाली बाबांना जागा होती, फक्त झाडायची-पुसायची. बाबा हो म्हणाले. त्यांना एकटं पाठवणं लारिसाला शक्यच नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी ती किल्ल्या ठेवायला गेली, तर वेस तिथे. स्वच्छ बूट घालून, चिखलासारख्या झालेल्या बर्फापाशी उभा.

"लेख काढून टाकतो मी," तो म्हणाला. "आज. आत्ता."

"नको. चांगला होता तो लेख."

"लारिसा, मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं चूक नव्हतं. आणि तरी हे असं झालं. मी रोज लिहायला बसतो आणि... एक ओळ येत नाही." त्याने चष्मा काढला. "मी प्रेम करतो तुझ्यावर. त्या पहिल्या दिवसापासून, एका पायावर उभा होतो तेव्हापासून. मी येतो रेजायनाला. लिहायचं काय, कुठूनही लिहीन."

हेच ऐकायला ती सगळा हिवाळा थांबली होती! याच आवाजात, याच दाराशी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"माझंही आहे," ती म्हणाली. "खूप आहे, वेस. पण तू मला हसवलंस ना, की मला ते टप टप ऐकू येतं. आणि तू हसवल्याशिवाय राहणार नाहीस. आणि बाबा तिथे दुसऱ्याच्या बर्फावर फडकं मारत असतील. तेव्हा मी घरी येऊन तुझ्याबरोबर कुठल्या तोंडाने हसू?"

त्याने चष्मा पुसून पुन्हा घातला. "एक दगड टाकायचा?" त्याने विचारलं.

तिने टाकला. दगड थोडा गेला, पाण्यात फिस्स करून थांबला. त्याने टाकला. त्याचाही तिथेच शेजारी थांबला, तिच्या दगडाला टेकून. कुणाचा पुढे, कुणाचा मागे, काही कळेना.

मग दोघं वरच्या काचेच्या खोलीत गेले, नेहमीच्या टेबलाशी समोरासमोर बसले. कॉफीचं भांडं अजून कोपऱ्यात होतं, बाबांनी सकाळी भरून ठेवलेलं. खाली काचेपलीकडे दोन दगड पाण्यात एकमेकांना चिकटून होते.

"पहिली कॉफी कोण पाजणार?" वेसने हळूच विचारलं.

"जो जिंकला तो," लारिसा म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने टेबलावर हात ठेवला, त्याने त्यावर आपला ठेवला. छपरातून गळत होतं. कॉफी कोपऱ्यात निवत राहिली... आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही.