फार्गोपर्यंत

बाहेर बर्फमिश्रित पाऊस काचेवर तडतडत होता आणि आत वसतिगृहाच्या धुण्याच्या यंत्रातून माझे पांढरेशुभ्र नर्सिंगचे गणवेश एकामागून एक गुलाबी होऊन बाहेर येत होते!

शेवटी निघाली एक लाल चड्डी. मी ती दोन बोटांत धरून वर उचलली. "हे कुणाचं रत्न?"

कोपऱ्यातला मुलगा चोरट्यासारखा उठला. "माझं. यंत्र रिकामं वाटलं मला..."

"रिकामं? डोळे आहेत की बटणं?"

"डोळेच आहेत. आत्ताच कामाला लागलेत," तो म्हणाला आणि असा हसला, की माझा राग निम्मा उतरला.

अँट्वॉन पेटवे. मेम्फिसचा. ड्युबुकच्या आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला गार्ड – चेंडू आणायचा, खेळ रचायचा आणि टाळ्या दुसऱ्याला मिळवून द्यायच्या, हे त्याचं काम. त्या खेळाडूंत तो बुटका, माझ्यापुढे ताडमाड. सगळे त्याला ट्वॉन म्हणत.

पुढे आम्ही रोज नदीकाठी फिरू लागलो. तो डाव्या हाताने चेंडू आपटत चालायचा.

"दोन घटका तो चेंडू ठेवशील का खाली?"

"उजवा हात तुला दिलाय ना, मार्लीस? डाव्याला सराव हवा."

मी रुसायचे. तो चेंडू काखेत मारायचा, वाकायचा, आणि... मग चेंडू घरंगळत कुठे जायचा ते दोघांनाही कळायचं नाही.

त्या जूनमध्ये मोठ्या लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले. कोचच्या घरी टीव्हीसमोर आम्ही सगळे. नावांमागून नावं... त्याचं नाव आलंच नाही. माझ्या हातातला त्याचा तळवा घामाने थंडगार पडला होता.

"छोटी लीग आहे ना," तो म्हणाला. "तिथून वर बोलावतात. कधीही फोन येऊ शकतो."

चाचणी देऊन तो छोट्या लीगमधल्या फार्गोच्या संघात लागला. अर्धी रिकामी मैदानं, दिवसदिवस बसचा प्रवास, आणि उशाशी फोन.

"इकडेच ये ना," एकदा तो म्हणाला. "इथे हॉस्पिटलं आहेत, थंडी आहे, मी आहे."

"पहिल्या दोघांची खात्री आहे. तिसऱ्याचं काय?"

"तिसरा वाट बघतोय," तो हळूच म्हणाला.

मला शिकागोला लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी ठरली होती. हवी होती तीच. मी ती सोडली. आई भांडी घासता घासता म्हणाली, "तू मुलाच्या मागे नाही चाललीस, बाई. चेंडूच्या मागे चाललीस."

मी ऐकलं नाही.

गाडी खोक्यांनी भरून मी फार्गोला पोचले, तेव्हा तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता. खांद्यावर बॅग.

"मार्लीस... सकाळीच सांगितलं त्यांनी. मला टेक्सासच्या संघाला देऊन टाकलं."

"कधी निघायचंय?"

"टॅक्सी येतेय."

मग त्याने बॅग ठेवली आणि माझी खोकी वर न्यायला लागला. ज्या घरातून तो निघाला होता, त्याच घरात माझा संसार चढवत होता! खाली हॉर्न वाजला. त्याने माझा दिवा अर्ध्या जिन्यात ठेवला, माझ्या केसांवर ओठ टेकवले... आणि गेला.

फोन येत राहिले. आधी रोज, मग सामन्यानंतर, मग जिंकला तर. तो फारसा जिंकत नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी टेक्सासचा संघ फार्गोला खेळायला आला. ट्वॉन अगदी शेवटी मैदानात उतरला. "हा कोण रे?" माझ्या पुढचा माणूस शेजाऱ्याला विचारत होता.

सामन्यानंतर तो खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळात भेटला. गालफडं वर आली होती. हसू मात्र तेच.

"कशी आहेस? मुलांचा वॉर्ड मिळाला?"

"म्हाताऱ्यांचा. सगळे माझ्यावर फिदा आहेत."

"त्यांची दृष्टी चांगली आहे म्हणायची." मग तो बुटाकडे बघत म्हणाला, "मी पोलंडला चाललोय. तिथल्या संघाने बोलावलंय. मोठ्या लीगचा फोन... काही येत नाही आता."

मी हातमोजे चढवू लागले.

"तुला चल म्हणणार नाही मी. एकदा म्हणालो होतो, त्याचं काय झालं ते—"

"आले नसतेच मी."

"माहितेय."

"पण ट्वॉन... विचारायला हवं होतंस रे."

त्याचे ओठ हलले. "पेटवे! बस सुटतेय!" बाहेरून हाक आली. त्याने माझ्या गालाला बोटं लावली. गरम होती ती, पूर्ण सामना खेळून आल्यासारखी. आणि तो पळाला.

बस वळली तेव्हा मागच्या खिडकीत एक हात वर झालेला दिसला. तो मला निरोप देत होता, की वरच्या फळीवर बॅग ठेवत होता... धुरकटलेल्या काचेतून काही कळलं नाही.