कंटाळ्याची चोरी

प्रोग्रामर मुलीची नोकरी संध्याकाळी वाचली. हे वाक्य कृपया विसरून जा. सकाळी ती गुप्तहेर वहिनींच्या दारात उभी होती, आणि साहेब तिला संध्याकाळी काढणार होते.

"मी खोटे ग्राहक बनवते," ती म्हणाली.

"धरू का हिला?" वहिनींचे दीर उत्साहाने उठले.

"भावोजी, बसा."

कंपनी ऑनलाइन चपला विकायची. मुलीचे संगणकातले हजार ग्राहक खऱ्यांसारखे शोधत, पानं चाळत. त्यावरून शोधयंत्र सुधारायचं. पण हल्ली खोटे ग्राहक बेहद्द खूश होते आणि खरे पळून जात होते. साहेबांनी ठरवलं, पोरगीच कुचकामी.

वहिनींनी कचेरी गाठली. शोधल्यावर कोणती चप्पल आधी दिसावी, तो क्रम लावणारा वैतागला होता. "परवा चिडून अख्खा क्रम उलटा लावला. तरी खोट्या ग्राहकांकडून पैकीच्या पैकी मार्क!"

"हाच चोर," भावोजी कुजबुजले.

"चोर असं आपणहून सांगेल?"

पुढची खोली कर्मचाऱ्यांचं काम पाहणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांची. भिंतीवर पाटी : 'महिन्याचा मानकरी, क्रमांक ३१२. लाल चपलेसाठी सत्तर पानं उलटली.' फोटोची चौकट रिकामी.

"मी आल्यापासून काम अर्धवट टाकणारा इथे एकही उरला नाही," अधिकारी म्हणाले.

"संगणकावरची सगळी खाती हेच उघडतात, हेच बंद करतात," साहेबांनी कौतुक केलं.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना जमवलं. "चोरी कंटाळ्याची झाली आहे."

भावोजींनी खिसे चाचपले.

"उलट्या क्रमालाही पूर्ण मार्क, म्हणजे चप्पल शेवटच्या पानावर असली तरी या ग्राहकांना चालते. भावोजी, तुम्ही किती पानं बघता?"

"दुसऱ्या पानाला मी जेवायला उठतो."

"खरा ग्राहकही उठतो. हिने उठून जाणारेही बनवले असणारच. कुणीतरी नेमके तेवढेच काढले. खोट्या ग्राहकाला मानकरी कोण करेल? जो त्याला नोकर समजतो तो. आणि खाती कोण बंद करतं?"

सगळ्या माना वळल्या.

"कामचुकार होते!" अधिकारी ताठ उभे राहिले. "मी रीतसर बडतर्फ केले."

"अहो, निघून जाणं हेच त्यांचं काम होतं!" मुलगी ओरडली.

तिने सगळ्या बडतर्फ ग्राहकांना परत आणलं. उलटा क्रम पाहताच ते भराभर निघून गेले. मार्क कोसळले आणि कचेरीत टाळ्यांचा कडकडाट झाला. रातोरात क्रम सुधारला, खरी गिऱ्हाइकं परतली, मुलगी विभागप्रमुख झाली.

अधिकाऱ्यांनी तेवढी एक सूचना लावली : 'सर्व काल्पनिक ग्राहकांनी मधेच निघून जाण्याचे कारण समक्ष हजर राहून, पालकांच्या सहीसह सादर करावे, ही नम्र विनंती.'