आईची प्लेट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही तर पुढचं पान उघडा, मला राग नाही.

मी फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. साखळीच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतंच, यावर माझं पोट चालतं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून सगळ्यांची टर उडवणारा मीच.

आता उडवत नाही.

सुरुवात झाली ती आमच्या कारापूरच्या घरात, आई गेल्यानंतरच्या अकराव्या रात्री. त्या रात्री आम्हाला काहीच कळलं नाही. कळलं ते नंतर... कॉलेजच्या लॅबमध्ये, लख्ख उजेडात.

माझी धाकटी बहीण गौरवी. तिला डॉक्टर व्हायचं होतं. नीटमध्ये मार्क कमी पडले. वर्ष फुकट जायला नको म्हणून तिनं मायक्रोबायोलॉजीला ॲडमिशन घेतली आणि सोबत पुन्हा नीटचा अभ्यास सुरू केला. घरात उठता बसता जंतूंच्या गोष्टी. सकाळी दारावर भोंपू वाजवत येणाऱ्या पोदेराकडून पाव घेतला की विचारणार, दादा, त्याच्या हातावर काय काय असतं सांगू? मी म्हणायचो, नको बाई, मला भूक लागलीय.

आई हसायची.

मग आईच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. शेवटी शेवटी तर तेही बंद. हॉस्पिटलात गौरवी तिच्या उशाशी बसून असायची. आई हातानं खूण करायची... पाणी. गौरवी ओला कापूस ओठांना लावायची. डॉक्टर सांगत होते तेच बरोबर होतं, हे मलाही कळत होतं. पण आई गेली ती गौरवीकडे हात करूनच.

त्या दिवसापासून गौरवीला एकच ध्यास. आई सुटली ना? तहानलेली तर गेली नाही ना?

आमच्याकडे अकराव्या रात्री दिव्यापाशी ताटात तांदळाचं पीठ पसरतात आणि वर टोपली उपडी घालतात. सकाळी पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचं पाऊल, गुरांचं, माणसाचं... गेलेलं माणूस कुठल्या वाटेनं गेलं त्याची ती खूण. हळर्णहून कमलाक्षी आत्या आली होती. तिनंच पीठ चाळलं, हातानं सारखं केलं, टोपली घातली.

सकाळी दारात पोदेराचा भोंपू वाजत होता, तेव्हा आत्यानं टोपली उचलली.

पीठ तसंच होतं. गुळगुळीत. साधी मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

"काय उमटाक नाय म्हणजे सुटली ती," आत्या म्हणाली. "मागे वळान बघूक नाय."

बाबांनी हात जोडले. आम्हा सगळ्यांना हलकं वाटलं. फक्त गौरवी खाली वाकली आणि ताटाच्या मागून काहीतरी उचलून तिनं ओढणीत धरलं.

तळहाताएवढी गोल, चपटी, पारदर्शक डबी. त्यात पिवळसर जेली.

कॉलेजच्या रस्त्यावर स्कूटरवर मागे बसून तिनं मला सांगितलं. तनया मॅडमनी सगळ्या मुलांना एकेक प्लेट दिली होती. घरात थोडा वेळ झाकण काढून ठेवायची, म्हणजे हवेतले जंतू जेलीवर पडतात. मग ती लॅबमध्ये उबेत ठेवायची, की प्रत्येक जंतूचा एकेक ठिपका वाढून डोळ्यांना दिसतो. आईच्या आजारपणात हिची प्लेट तशीच फ्रीजमध्ये राहिली होती. ती हिनं अकराव्या रात्री गुपचूप टोपलीखाली उघडी ठेवली. पिठावर नाही, तर यावर तरी काहीतरी दिसेल म्हणून.

काहीतरी खोचक माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. आई जाऊन बारा दिवसही झाले नव्हते, त्या पोरीला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी प्लेटवर काहीही नव्हतं.

तनया मॅडमना आश्चर्य वाटलं. रात्रभर उघडी प्लेट, माणसांनी भरलेलं घर... ठिपक्यांनी भरून जायला हवी होती. बाकीच्या मुलांच्या प्लेटी नुसत्या बुरशीनं माखल्या होत्या. हिची कोरी. पिठासारखीच. मॅडम म्हणाल्या, राहू दे अजून इनक्युबेटरमध्ये. इनक्युबेटर म्हणजे ऊब देणारं कपाट. आपल्या अंगाला असते, तेवढीच ऊब.

आणखी दोन दिवसांनी मी दुकानात असताना गौरवीचा फोन आला.

"दादा, तू आताच ये. फोनार सांगूक जमाचा नाय."

गेलो. लॅबमध्ये ती आणि मॅडम दोघीच होत्या. टेबलावर ती प्लेट...

जेलीवर पाच ठसे उमटले होते. पांढरट, ओलसर. एका हाताच्या पाच बोटांचे.

चार ठसे लांबट होते. अंगठ्याजवळचा एक छोटा. टोक नसलेला.

लग्नाआधी आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवताना आईच्या त्या बोटाचं टोक गेलं होतं.

मॅडमना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या गौरवीलाच बोलल्या, तूच हात लावला असशील. गौरवीनं दुसरी प्लेट उघडली, आपली बोटं त्यावर दाबली आणि समोर धरली. हिची पाचही बोटं पुरी. मॅडमनी दोन्ही प्लेटी शेजारी शेजारी धरून बघितल्या. मग त्यांनी पहिल्या प्लेटचं झाकण जरासं उचललं आणि एकदम मागे सरकल्या.

"बाम कुणी लावलाय?"

कुणीच लावला नव्हता. आई लावायची. रोज, झोपताना, कपाळाला.

काय वाढतंय ते ओळखायला मॅडमनी ती प्लेट पुन्हा इनक्युबेटरमध्ये ठेवली. त्यानंतर आठवडाभरात कॉलेजमधून मला बोलावणं आलं. इनक्युबेटर बिघडलाय, आतलं पाणी टिकत नाही. आतली हवा सुकू नये म्हणून तळाला पाण्याचा ट्रे ठेवलेला असतो. सकाळी भरलेला ट्रे दुपारपर्यंत कोरडा होत होता. आणखी एक गोष्ट गौरवीनं मला दाखवली. उबेमुळे जेलीतलं पाणी सुटतं आणि झाकणाला घाम धरतो. म्हणूनच प्लेटी उपड्या ठेवतात, नाही तर पाणी जेलीवर टपकतं. त्या कपाटातल्या एकाही झाकणावर थेंब नव्हता.

सगळी झाकणं खडखडीत कोरडी.

मी थर्मोस्टॅट तपासला. ठीक. दाराचं रबर तपासलं. ठीक. ट्रेला कुठे भोक नाही. मधल्या सुट्टीची वेळ होती, मुलं कॅन्टीनला गेली होती. मी ट्रे काठोकाठ भरला, दार लावलं आणि स्टूल ओढून समोर बसलो.

पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी बाइकला किक मारत होतं.

मग कपाटातून आवाज आला...

गट.

थोडं थांबून... गट... गट...

घाईघाईनं पाणी पिताना घशातून येतो, तसा. मधेच दम लागून थांबल्यासारखा. आणि मग पुन्हा.

 ज्या हातांनी हजारो फ्रीज उघडले, ते त्या कपाटाचा खटका उघडायला उठेनात. कसंबसं दार उघडलं.

ट्रे अर्धा झाला होता. खाली फरशी कोरडी होती.

गौरवी दारात उभी होती. तिनंही ऐकलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तिका अजून तान लागली आसा, दादा."

मी हळर्णला आत्याकडे गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं, वेड्यात काढेल. तिनं जेलीत काय असतं ते विचारलं. मांसाचा अर्क, मी म्हणालो, जंतूंचं जेवण. मग ती कुठे ठेवली म्हणून विचारलं. आपल्या अंगाएवढ्या उबेत, मी म्हणालो.

आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं.

"पिठाक तोंड लावची नाय ती, सरळ गेली असती," ती म्हणाली. "जाणाऱ्या माणसाक तुमी जेवाण दिलात, ऊब दिलात. आता ता जातला कसा?"

यावर उपाय काय, तर तिला ठाऊक नव्हता. भटजींनाही विचारलं. क्रिया एकदाच होते, पुन्हा करता येत नाही, एवढं सांगून त्यांनी विषय बदलला.

तिकडे प्लेटमधली जेली सुकत चालली होती. कडा सुटल्या होत्या. जेली संपली की त्यावरचे जंतू मरतात, गौरवीनं मला समजावलं. जिवंत ठेवायचे तर तारेच्या टोकानं उचलून नव्या प्लेटवर लावायचे. तिला ते येत होतं. पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं.

"काय करू मी?" तिनं विचारलं. "नव्या प्लेटीर घातलंय तर ती हयच रवतली. नाय घातलंय तर परत तशीच सुकान मरतली. माझ्या समोर."

इकडे आड, तिकडे विहीर. मी तिचा मोठा भाऊ. काहीतरी सांगायला हवं होतं. 

ती रोज त्या प्लेटवर पाण्याचा एकेक थेंब सोडायची. थेंब पडायच्या आत शोषला जायचा. पोरगी अर्धी झाली. नीटची पुस्तकं टेबलावर उघडीच्या उघडी. बाबा विचारायचे, हिला झालंय काय? मी म्हणायचो, अभ्यासाचं टेन्शन.

शेवटी निर्णय आमच्या हातात राहिलाच नाही.

सेमिस्टर संपत आलं. परीक्षेसाठी लॅब रिकामी करायची होती. जुन्या प्लेटी तशाच फेकता येत नाहीत. आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, वाफेखाली सगळे जंतू मारायचे आणि मगच टाकायच्या. गौरवीनं ती एक प्लेट मागितली. नदीत सोडते म्हणाली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय वाढलंय ते मलाही ओळखता आलेलं नाही, गौरवी. असलं काही बाहेर कसं नेऊ देऊ? तुला डॉक्टर व्हायचंय ना?"

त्यांचंही चुकत नव्हतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचंही चुकलं नव्हतं. आमच्या या गोष्टीत कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि तरी सगळं होत होतं.

मशीन नीट चालतं का बघायला म्हणून मी तिथे होतो. पाणी मीच भरलं. खुणेच्या चार बोटं वर.

मॅडमनी प्लेटींची चळत आत सोडली. मधोमध ती एक. बामाचा वास आला... मलाही, गौरवीलाही. मॅडमनी नाकाला रुमाल लावला.

झाकण आवळायला मी पाना हातात घेतला, तेव्हा गौरवी पुढे आली.

"दादा, पाणी भरपूर घातलंस मा?"

"भरपूर."

"मग बरा," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

झाकण आवळलं. बटण दाबलं. पाणी तापलं, वाफ सुटली, दाबाचा काटा चढू लागला. आतून उकळण्याची घरघर येत होती. काटा वर जाऊन थांबला.

आणि त्या घरघरीत...

गट. गट. गट.

आता मधे थांबत नव्हता. एका दमात.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी काट्याकडे. काटा खाली येत होता. कॉइल चालू, व्हॉल्व्ह बंद, कुठून वाफ निसटत नाही... आणि काटा खाली खाली, शून्यावर.

घरघर थांबली. सगळंच थांबलं.

मी मेन स्विच बंद केला. बराच वेळ थांबून झाकण उघडलं. एरवी अशा वेळी तोंडावर वाफ येते. काही आलं नाही. आत एक थेंब नव्हता. तळाची कॉइल हाताला कोरडी लागली. प्लेटी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यातली आईची कुठली, ते कळायला मार्ग नव्हता.

मी रबर तपासलं, व्हॉल्व्ह तपासला, खालचा नळ तपासला. सगळं जागच्या जागी होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. आजही ते त्याच लॅबमध्ये चालू आहे.

बामाचा वास गेला होता. त्यानंतर तो कधी आला नाही.

गौरवीला पुढच्या वर्षी मेडिकलला सीट मिळाली. तिला भेटलो की आम्ही बाबांबद्दल बोलतो, दुकानाबद्दल बोलतो. त्या दिवसाबद्दल नाही. त्या दिवशीही स्कूटरवर बसल्यावर तिनं एकच विचारलं होतं.

"दादा, ती पोटभर पियाली मा?"

"होय गो," मी म्हणालो.

ते पाणी उकळतं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती माझ्या पाठीला कपाळ टेकून बसली आणि मी स्कूटर चालू केली.