उलटी गुंडाळलेली टेप

बसा असे, दिव्याच्या या बाजूला. वीज येईल तेव्हा येईल. फक्त आवाज हळू ठेवा, आत नातू झोपलाय. माझा एक कान त्याच्या श्वासाकडे असतो. का, ते सांगतोच.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. हात चांगला, तोंड वाईट, असं गिऱ्हाइकंच म्हणतात. धंदा शिकवला थोरल्या भावानं. दादा डावखुरा. कापडी टेप तो आपल्या उलट बाजूनं गुंडाळायचा आणि काम पुरं झालं की शेवटाला दोऱ्याची बारीक गाठ मारायचा. बॉनेट उघडलं की लांबूनच कळायचं, हे आमच्या दादाचं काम. दात त्याचे कायम दुखायचे, म्हणून गालात लवंगेच्या तेलाचा बोळा. घाटातल्या पुलावर गेला बिचारा. चालत घरी येत होता, छातीत कळ आली, तर रस्त्याच्या कडेला हात करत उभा राहिला. गाड्या जात राहिल्या. एकही थांबली नाही.

त्यानंतर त्याची जुनी डिझेल फोर बाय फोर माझ्या जावयाकडे आली. लेकीचे दिवस भरत आले होते. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळ आडवं आहे, उद्या सकाळीच घाट उतरून मोठ्या दवाखान्यात न्या. आणि नेमका त्या दिवशी जावई तोंड पाडून गॅरेजवर आला.

"बाबा, गाडी मधेच बंद पडतेय. दर वेळी पुलावरच. थोडं थांबलं की आपोआप चालू होते."

"गाडीला पूल ओळखू येतो होय रे?" मी म्हटलं. "लाव इकडे."

डिझेल गाडीच्या पंपावर एक सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की त्याला करंट मिळतो, आतला दट्ट्या वर ओढला जातो आणि डिझेल सुटतं. करंट तुटला की दट्ट्या खाली, इंजिन बंद. मी इंजिन चालू ठेवलं आणि वायरींचा जुडगा हातानं हलवत गेलो. बॅटरीमागे दाबलं तसं इंजिन खोकलं. म्हटलं, सापडलास लेका! ब्रॅकेटवर घासून सोलेनॉइडची वायर उघडी पडली होती, तांबं हिरवं झालेलं. कुजकं कापलं, नवा तुकडा जोडून कथलाचा डाग दिला, वर प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवली, टेप मारली आणि जुडगा ब्रॅकेटपासून लांब बांधला. डोळे मिटून करावं असं काम.

दुपारीच आम्ही दोघं घाटात गेलो. आभाळ भरून आलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुलाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. घरघर थांबल्यावर जी शांतता पसरली ना... कानात दडे बसल्यासारखं वाटलं. मग मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले आणि गाडी किंचित खाली बसली. कुणी आत चढावं तशी.

"बाबा... वास येतोय?" जावई कुजबुजला.

लवंगेचं तेल. मी मागे वळून पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, मान वळेचना. इंजिन आपलं आपण चालू झालं. आम्ही तसेच मागे फिरलो.

गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं. माझी स्लीव्ह नव्हती. माझी टेप नव्हती. तिथं कापडी टेप होती, उलट बाजूनं गुंडाळलेली, शेवटाला दोऱ्याची गाठ. हात लावला तर ऊन.

"थोरले बाबा असतील तर..." जावई चाचरत म्हणाला, "बसू द्या ना त्यांना. घरीच तर यायचंय त्यांना. आपलं काय जातंय?"

"गप रे!" मी खेकसलो. "उद्या मागच्या सीटवर माझी पोर आडवी असणार. तिच्या उशाशी बसवू त्याला?"

भाऊ होता माझा, जीव होता त्याच्यावर. पण लेकीपुढे मला कुणी दिसेना. मग मी ते केलं, जे आमच्या धंद्यातलाच माणूस करतो. सोलेनॉइड उघडला आणि दट्ट्याच काढून टाकला. आता वायर तुटो की जळो, एकदा चालू झालेलं इंजिन कुठलीही वायर बंद करू शकणार नव्हती. बंद करायचं तर गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून इंजिन गुदमरवायचं. दट्ट्या मुठीत धरून मोठ्यानं म्हटलं, "थांबव बघू आता, दादा."

सकाळी ते निघाले. पूल ओलांडल्यावर लेकीचाच फोन आला. "बाबा, गाडी नाही थांबली. पण पुलावर एक म्हातारे हात करत होते हो, तोंड नीट दिसलं नाही... अगदी रस्त्याच्या मधे. ह्यांनी चावी काढली तरी इंजिन बंद होईना. ब्रेक लागायच्या आत आम्ही त्यांच्यातून... धक्का नाही लागला काही." ती रडत होती. "आणि पोटातलं बाळ एकदम वळलं, बाबा."

बाळंतपण सुखरूप झालं. पोरगा गुटगुटीत. माझ्याच मांडीवर पहिल्यांदा हसला. त्या गाडीनं पुन्हा कधी त्रास दिला नाही, जावई रोज त्या पुलावरून जातो.

पण हा... झोपेत मधेच याचा श्वास थांबतो. पाळणा किंचित खाली बसतो, करकरतो. खोलीत लवंगेचा वास येतो. मग थोड्या वेळानं श्वास आपला आपण चालू होतो. डॉक्टरीणबाई तपासून तपासून थकल्या, काही सापडत नाही. सापडणार कसं? माझ्या धंद्यात असला फॉल्ट सगळ्यात वाईट, दाखवायला न्यावं तेव्हा नसतोच. दट्ट्या मी परत बसवला. पुलावर जाऊन हात जोडले, चल म्हटलं घरी, गाडीचं दार उघडं धरून उभा राहिलो. कुणी चढलं नाही. जो घरी आधीच आलाय, तो चढेल कसा?

काल लेकीनं बाळाचं दुपटं सोडलं आणि मला हाक मारली. त्याच्या छातीवर कापडी टेपचा एक वेढा होता, उलट बाजूनं घेतलेला. गाठ मारायची राहिली होती.

थांबा... बोलू नका जरा. तुम्हाला त्याचा श्वास ऐकू येतोय का?