तृप्तक

शालन गवारे दीड वर्षानं प्रयोगशाळेत आली, तेव्हा डॉ. वसुधा केळुसकरांनी तिला ओळखलंच नाही. त्यांच्या औषधाच्या चाचणीत दाखल झाली त्या वेळी तिचं वजन ब्याण्णव किलो होतं, रक्तातली साखर वाढलेली, आणि लग्नाला अकरा वर्षं होऊनही मूल नव्हतं. आहाराचे तक्ते तिनं मनापासून पाळले होते. पण चार महिने वजन उतरे आणि मग व्याजासकट परत येई. आता ती सडपातळ होती. मांडीवर अडीच महिन्यांची मुलगी होती.

"तुमच्या औषधानं वजन उतरलं, पाळी सुरळीत झाली, ही झाली," शालन म्हणाली. "पण हिचं वजनच वाढत नाही, मॅडम. मला दूध भरपूर आहे, हिलाच नको असतं. रडत तर मुळीच नाही."

वसुधाबाईंनी दुपटं सोडलं. फासळ्या मोजता येत होत्या. मुलगी त्यांच्याकडे शांतपणे बघत होती.

तिसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ डॉ. मुजावर तपासणीचा अहवाल घेऊन आले.

"हिच्या आतड्यात तृप्तक आहे. आईला दिलेला जिवाणू हिच्यात कसा?"

"बाळंतपणात आला. आईचे जिवाणू बाळाला मिळतातच." वसुधाबाई खुर्चीत बसल्या. "अन्न आलं की तृप्तक पोट भरल्याचं संप्रेरक सोडतो. ब्याण्णव किलोच्या बाईची भूक निम्मी व्हावी, इतकं."

"आणि तीन किलोच्या जिवाची?"

"उरतच नाही."

"मग प्रतिजैविकं देऊ."

"त्यांनी तो मरत नाही. ताप-खोकल्याच्या औषधांनी उपचार वाया जाऊ नये, म्हणून मीच त्याला तसा घडवलाय."

शालनला त्यांनी स्वतः सांगितलं.

"म्हणजे माझ्यातून गेलं," शालन म्हणाली.

"मी दिलेलं गेलं. आता नळीनं दूध द्यायचं, दर दोन तासांनी, घड्याळ लावून. तिला भूक लागायची वाट बघायची नाही."

"किती दिवस?"

वसुधाबाईंनी मुलीचं दुपटं पुन्हा नीट गुंडाळलं. शालननं पदर तोंडात कोंबला.

चाचणीभर गर्भधारणा टाळायची अट होती. ती गेल्याच वर्षी उठली होती. नोंदींनुसार त्यानंतर नऊ जणी बाळंत झाल्या होत्या.

"बाकी आठ जणींची एकही तक्रार नाही?" मुजावरांनी विचारलं.

"न रडणाऱ्या बाळाला दवाखान्यात कोण आणतं?" वसुधाबाईंनी फोन उचलला.

यादीत पहिलं नाव विट्याच्या हसीना तांबोळीचं होतं. तिचा आवाज प्रसन्न होता. "बाळ ना? मजेत आहे. महिन्याचा झाला. सकाळी सातला जरा प्यायला, तेव्हापासून झोपलाय."

दुपारचे तीन वाजले होते.

"हसीनाताई, त्याला उठवा."

"अहो, झोपलेल्या लेकराला कशाला—"

"आत्ता उठवा!"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग हसीना बाळाला हाक मारू लागली. एकदा. मग पुन्हा, जरा मोठ्यानं.