हँडल बोटभर वर

मार्च लागला, की माराकेशमधली कडू संत्री फुलतात. बाब दुकाला दरवाज्याच्या आतल्या रस्त्यावर पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडतो, आणि त्या पाकळ्यांवरून चाक घसरतं. हे बतूलला कुणी सांगायला नको होतं. पण त्या सकाळी एक गाढवगाडी अचानक आडवी आली, बतूलने ब्रेक दाबला, फटफटी सुळकन घसरली आणि पुढचं चाक दगडी कडेवर आपटून फुस्स झालं. ती मात्र पडली नाही. एक पाय टेकून, पायघोळ झगा सावरून, आपण इथेच थांबायचं ठरवलं होतं अशा थाटात उभी राहिली.

समोरच मिलूदचं दुरुस्तीचं दुकान होतं. चिंध्यांना हात पुसत तो बाहेर आला. उंच, सावकाश बोलणारा, कपाळावर काजळीचा एक पट्टा.

"लागलं का, लल्ला?" 'बाईसाहेब' म्हणावं तशा अदबीने तो म्हणाला.

"मला नाही. चाकाला विचारा."

त्याने खरंच विचारलं. उकिडवा बसला, टायरला कान लावला, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पंक्चर आहे म्हणतंय. आणखीही एक म्हणतंय… पण ते सांगावं की नाही…"

"सांगा. मला काही सगळा दिवस नाही."

"तुम्ही रोज या रस्त्याने जाता. पायी असलात की मान अशी, की वाटेतल्या माणसाने आपोआप बाजूला व्हावं. आणि गाडीवर बसलात, की कंबरेतून मोडता. एवढं कोणापुढे वाकता, लल्ला?"

दुकानाच्या दारात पुदिन्याच्या जुड्या घेऊन बसणारी तामू खाल्ती, सगळ्या रस्त्याची मावशी, खुदकन हसली. बतूल हसली नाही.

त्या वर्षांत माराकेशमध्ये बाईने फटफटी चालवणं काही नवलाचं राहिलं नव्हतं. भाजीला, हमामच्या आंघोळीला, लग्नाला बायका सर्रास गाडीवरून जात. पण त्या जात सावकाश, रुंद उंच हँडल धरून, टोपली पुढे अडकवून. बतूलच्या गाडीचं हँडल शर्यतीतल्या पोरांसारखं होतं, अरुंद आणि खाली झुकलेलं. त्याला कारण होतं. गाडी घ्यायला निघाली तेव्हा तिचा काका म्हणाला होता, "बाईमाणूस गाडीवर पोत्यासारखं बसतं." बतूलने बाजारातलं सगळ्यात खालचं हँडल निवडलं, आणि त्याच संध्याकाळी काकाच्या घरावरून अशी गेली, की त्याची टोपी उडाली म्हणतात.

"पंक्चर काढा, मालम," ती म्हणाली. तिथे उस्ताद कारागिराला मालम म्हणतात. "उपदेश तामू खाल्तीकडे मिळतो, तोही पुदिन्यावर फुकट."

"अगं, माझं नाव कशाला मध्ये?" खाल्ती म्हणाली, आणि चहा ओतायला लागली.

चहाचे ग्लास आले. खाल्तीने आपला ग्लास वरच्या कडेला दोन बोटांत धरला, मिलूदनेही तसाच. बतूल रस्त्याकडे बघत चहा प्यायली. मिलूद चाक फिरवत होता, पण त्याची नजर चाकावर नव्हती.

पंक्चर निघालं. गाडी तिच्या हाती देताना त्याने आवाज खाली आणला. "चहा कसा होता?"

"गोड."

"गरम होता?"

बतूलने रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं.

"उकळता होता, लल्ला. आम्हाला कडेला धरूनही चटके बसले. तुमची शेवटची दोन बोटं सगळा वेळ काचेला चिकटलेली होती." त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "बोटं कधीपासून बधिर होतायत?"

ही गोष्ट तिच्या आईलाही माहीत नव्हती. बतूल मेंदी काढायची. तशा मेंदी काढणाऱ्या गल्लोगल्ली होत्या, पण जिची रेघ केसासारखी बारीक आणि खेचलेल्या दोऱ्यासारखी सरळ, अशी ती एकच. नवरीची आई तारीख नंतर ठरवायची, आधी बतूल कधी मोकळी आहे ते विचारायची. आई आणि ती, दोघींचं घर त्या रेघेवर उभं होतं. आणि गेल्या थंडीपासून, लांबच्या घरी गाडीवरून गेलं, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जणू दुसऱ्या कुणाचं व्हायचं.

"चाक बघायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "हात बघायला नाही."

"तुमचा सगळा भार मनगटांवर येतो. हँडल तीन बोटं वर घेतलं, तर जाईल."

"म्हणजे म्हातारीची गाडी करून द्याल."

"राणीची करून देईन."

तिने गाडीला किक मारली ती अशी, की पाकळ्या उडाल्या.

*

पुढच्या आठवड्यात शहराबाहेर, ताडाच्या बागांकडे एक मेंदी होती. रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. बतूल पोचली, हात धुतले, नवरीचा हात मांडीवर घेतला. तळव्यावर चौकट आखता आखता रेघ हलली. एवढीशीच. मुंगीने अंग झटकावं एवढी. बतूलने त्या ठिकाणी ठिपक्यांची माळ ओढली, आणि बायका म्हणाल्या, "बघा, नवीन नक्षी." सगळ्यांनी वाहवा केली.

वाहवा ऐकताना तिला रडू येईल की काय असं वाटलं. खोटी रेघ तिने आयुष्यात पहिल्यांदाच काढली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गाडी मिलूदच्या दारात उभी केली.

"वर घ्या," ती म्हणाली. एवढंच.

मिलूदने 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. ते तिने मनात टिपून ठेवलं. तो म्हणाला, "बसा गाडीवर. पाठ सरळ. आता डोळे मिटा… आणि हात पुढे सोडा, जिथे आपोआप जातील तिथे."

"भर रस्त्यात डोळे मिटून बसू?"

"मी आहे ना राखणीला," तामू खाल्ती म्हणाली. "कुणी पळवलंच तर ओरडेन. जरा उशिरा ओरडेन, एवढंच."

बतूलने डोळे मिटले. हात पुढे गेले आणि हवेत थांबले. संत्र्याच्या फुलांचा वास, तेलाचा वास… आणि अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. मिलूदने तिला स्पर्श केला नाही. एक वेताची काडी तिच्या तळहाताखाली आणली, जमिनीवर टेकवली आणि खडूने खूण केली. त्या सगळ्याला जरा जास्तच वेळ लागला, असं तिला वाटलं. तिने डोळे लवकर उघडले नाहीत, हेही खरं.

"तीन बोटं," तो म्हणाला. "पण एकदम नाही. आज एक. अंगाला सवय लागू दे. एकदम वर घेतलं, तर वळणावर तोल जातो."

हँडलची पकड सोडवून त्याने खाली बोटभर जाडीचा एक लोखंडी ठोकळा बसवला. स्वतः लेथवर कातलेला, कडा अशा घासलेल्या, की रेशीम अडकू नये. कुणी न बघणाऱ्या जागी इतकं देखणं काम करणारा माणूस बतूलने दुसरा पाहिला नव्हता. म्हणजे एक पाहिला होता, तो आरशात.

पुढच्या आठवड्यात दुसरं बोट वर गेलं. त्या संध्याकाळी ती तटाच्या कडेने घरी निघाली, तर समोर पहाड उभे. ॲटलासचे, डोक्यावर बर्फ घेऊन, उन्हात गुलाबी झालेले. याच रस्त्याने ती इतकी वर्षं जात होती, पण तिला दिसायचं ते पुढच्या चाकाचं मडगार्ड. चौकातली पोरं म्हातारीला हाक मारावी तशी ओरडली, "हाजा निघाली, हाजा." बतूलने त्यांच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. पहाड सोडून पोरं कोण बघतो.

बोटं बरीचशी परत आली. फक्त करंगळी लांबच्या फेरीनंतर अजून रुसायची.

"तिसरं कधी?" तिने विचारलं.

मिलूद नट आवळत होता. आधीच आवळलेला. "तिसऱ्याला जरा… अडचण आहे. हँडल अजून वर गेलं, की ॲक्सिलरेटरची तार तोकडी पडते. मग हँडल वळवलं, की तार ताणली जाऊन गाडी आपणहून पळते. लांब तार लावावी लागेल. कासाब्लांकाहून यायचीय."

"किती दिवस?"

"येईल… तुम्ही मध्ये मध्ये येऊन विचारत राहा."

ती मध्ये मध्ये येऊन विचारत राहिली. तार येत नव्हती. चहा मात्र येत होता, आणि गप्पा, आणि एकदा कागदाच्या पुडीत भाजलेले बदाम. त्याने कधी विचारलं नाही तरी तिने सांगितलं, की मोठ्या गालिचेवाल्याच्या मुलीची मेंदी आहे, सगळं शहर बघायला येणार आहे. तो म्हणाला, "शहराचं नशीब." आणि कान लाल करून पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या हातातच होता.

*

गालिचेवाल्याकडच्या मेंदीच्या दिवशी सकाळी ती दुकानावर आली, तेव्हा मिलूद कुठेतरी गेला होता.

"तार आली का, खाल्ती?"

"कुठली तार?"

"कासाब्लांकाची. माझ्या गाडीची."

तामू खाल्तीने पुदिन्याची जुडी बांधता बांधता दुकानाच्या भिंतीकडे हनुवटी उडवली. "ती? ती केव्हाची लटकतेय खिळ्याला. रोज तिच्यावरची धूळ पुसतो आणि परत लटकवतो. मला वाटलं, जपमाळ करतोय."

मिलूद परत आला, तेव्हा बतूल तार हातात घेऊन उभी होती. त्याने तार पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. खाल्तीने पहिल्यांदाच पाठ फिरवली.

"ही कधी आली?"

"…गेल्या पंधरवड्यात."

"आणि हँडल एकदम वर घेतलं की तोल जातो, तेही खोटं?"

"ते खरं आहे. पहिली दोन बोटं गाडीसाठी थांबवली." तो एक पाऊल पुढे आला. "तिसरं माझ्यासाठी. ते लागलं, की तुम्हाला इथे यायचं काही कारण उरत नव्हतं."

दुसरी एखादी विरघळली असती. बतूलचं मनही क्षणभर विरघळलं, नाही असं नाही. पण आज संध्याकाळी तिच्या मांडीवर एका मुलीचा हात असणार होता.

"माझी करंगळी अजून मला कळत नाही, मालम. तुम्हाला ते माहीत होतं. सगळ्या शहरात फक्त तुम्हालाच माहीत होतं. तुमच्या हौसेपायी माझा हात थांबवलात."

मिलूदने सबब सांगितली नाही, हसला नाही, नजर चुकवली नाही. तार तिच्या हातातून घेतली आणि तिथेच, उन्हात, रस्त्यावर कामाला बसला. तिसरा ठोकळा बसवला, जुनी तार ओढून काढली, नवी ओवली. हँडल पार डावीकडे वळवलं, पार उजवीकडे वळवलं. इंजिनाचा आवाज जरासुद्धा चढला नाही. मग उठला.

"काम चोख झालं आहे," तो म्हणाला. "जे चोख नव्हतं त्याची माफी मागतो. आता तुम्ही आला नाहीत तरी…" त्याने गाडी तिच्याकडे वळवली.

"काम तुमचं नेहमीच चोख असतं," बतूल म्हणाली, आणि गेली.

त्या संध्याकाळी गालिचेवाल्याच्या अंगणात ढोलक्या वाजत होत्या, बायका गात होत्या, आणि बतूलची काडी नवरीच्या हातावरून चालली होती. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक रेघ, मध्ये कुठे उचलली नाही. बायकांचं गाणं हळूहळू थांबलं. नवरीची आजी जवळ सरकली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्या लग्नात तू का नव्हतीस गं?"

बतूलने मान खाली घालून हसू लपवलं नाही. तिने ते आजीला सरळ दिलं.

*

शुक्रवारी दुपारी, कुसकुसची ताटं धुऊन झाल्यावर, दार वाजलं. बतूलने उघडलं. बाहेर मिलूद. केस भिजवून विंचरलेले, कपाळावर पट्टा नाही, आणि हातात चिंधी नसल्यामुळे हात कुठे ठेवायचे ते कळत नसलेला.

"गाडी… बरी चालतेय?"

"गाडीची चौकशी करायला एवढे विंचरून आलात?"

"नाही."

"मग?"

"म्हणजे असं, की मी विचार करत होतो, की जर…"

"बोट-बोट नको, मालम," बतूल म्हणाली. "एकदम सांगा."

त्याने एकदम सांगितलं. काय सांगितलं ते गल्लीतल्या दोन खिडक्यांनी ऐकलं आणि रात्रीपर्यंत वीस घरांत पोचवलं, म्हणून इथे परत सांगायला नको. ऐकताना बतूलने दाराची चौकट घट्ट धरली होती, एवढं मात्र त्या खिडक्यांना दिसलं नाही.

"मी काम सोडणार नाही," ती म्हणाली.

"सोडलंत तर शहर मला जिवंत ठेवेल?"

"गाडी सोडणार नाही."

"माझे तीन ठोकळे आहेत त्यात. मीच सोडू देणार नाही."

"आणि परत कधी माझ्याशी खोटं बोललात…"

"तामू खाल्ती आहे ना."

आता मात्र तिला हसू आवरेना. तिने ओढणी तोंडाशी नेली. "बरं. मग रीतीने या. आईला घेऊन या, मागणीची साखर घेऊन या."

मिलूदने मान खाजवली. "आई कोपऱ्यावर उभी आहे. साखरही तिच्याचकडे आहे. म्हणाली, आधी तू पुढे हो, दार तोंडावर आपटतं का ते बघू."

कोपऱ्यावरून एक ठेंगणी, भक्कम म्हातारी निघाली. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा उंच सुळका तिने कडेवर पोर घ्यावं तसा घेतला होता. दाराशी आली, बतूलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हीच का ती, जिच्यासाठी माझ्या पोराने थापा मारल्या?"

"थापा त्याने मारल्या, लल्ला. मी फक्त पकडल्या."

म्हातारीच्या तोंडाचं बोळकं पसरलं. "पकड तू. माझे डोळे आता थकले." आणि तिने साखर पुढे केली.

बतूलने ती दोन्ही हातांनी घेतली. सुळका चांगलाच जड होता, आणि कागदाची खरखर तिला करंगळीसकट दहाही बोटांना कळली.

"आत या," ती म्हणाली. आणि गल्लीतल्या एकूण एक खिडक्यांना दिसेल अशी ती साखर उंच धरून पुढे चालली.